हद्द बदलायच्या आधी शाळा बदलावी का?

मध्य प्रदेशात शाळेचं वर्ष 1 एप्रिलला उघडतं. त्यामुळे बालाघाट जिल्ह्यात पोरांची शाळा बदलायची की नाही, हा वाद घरोघरी होळीच्या सुमारासच तापलेला असतो. पूर्वी तो फी, इंग्रजी माध्यम आणि मास्तरांची हजेरी यांवरून व्हायचा. अलीकडे त्यात आणखी एक विषय आला आहे. गावची शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत मिळवणार, सरकारच्या नव्या मोठ्या सांदीपनी विद्यालयाची बस सुरू झाली की इथले वर्ग बंद होणार, शहरात वार्डांची फेररचना झाली की खाजगी शाळेतल्या मोफत जागेवरचा हक्क जाणार, अशा बातम्या टपरीपासून व्हॉट्सॲपपर्यंत फिरत राहतात. मग कुणीतरी जाणता माणूस सांगतो, "गर्दी व्हायच्या आत टीसी काढून घ्या."

हा सल्ला कधी बरोबर ठरतो, बऱ्याचदा चुकतो. नेमकी कोणती हद्द बदलते आहे, कागदावर काय आलं आहे आणि मूल कितवीत आहे, हे पाहिल्याशिवाय त्यावर हो किंवा नाही म्हणता येत नाही. आणखी एक गोष्ट आहे, जी घरात सहसा कुणी बोलत नाही. शाळा बंद होईल या भीतीने जी मुलं आधीच निघून जातात, त्यांच्या जाण्यानेच कित्येकदा ती शाळा बंद पडते.

एक किलोमीटरची हमी

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सरकारी शाळेची हद्द नकाशावर आखलेली असते. घर रेषेच्या अलीकडे असेल तर ही शाळा, पलीकडे असेल तर ती. सिंगापूरमध्ये पहिलीच्या प्रवेशाला गर्दी झाली की शाळेपासून 1 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांचा नंबर आधी लागतो, त्यानंतर 2 किलोमीटरपर्यंतच्यांचा. त्यामुळे तिथे घर घेतानाच लोक शाळेचं अंतर मोजतात.

आपल्याकडे सरकारी शाळेला अशी रेषा नाही. शेजारच्या गावचं मूल शाळेत आलं तर हेडमास्तर उलट खूश होतात, कारण पट वाढतो. इथे हद्द आहे ती सरकारवर. मुलाच्या घरापासून किती अंतरात शाळा दिलीच पाहिजे, त्याची ती मर्यादा आहे. ही मर्यादा आली शिक्षण हक्क कायद्यातून. हा कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 6 ने शेजारात शाळा उभी करण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली. केंद्राच्या आदर्श नियमांत हा शेजार पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर असा चालत जायच्या अंतरात धरला आहे.

मध्य प्रदेशाला ही कल्पना नवी नव्हती. 1 जानेवारी 1997 ला या राज्याने शिक्षा गारंटी योजना सुरू केली होती. ज्या वस्तीपासून 1 किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जिथे शिकण्याच्या वयाची 40 मुलं आहेत, तिथल्या लोकांनी शाळा मागायची आणि सरकारने ती 90 दिवसांत द्यायची. आदिवासी भागात 25 मुलं पुरत. शिकवायला गावाजवळचाच शिकलेला तरुण किंवा तरुणी, त्यांना म्हणत गुरुजी. काही वर्षांतच राज्यभर अशा 26 हजारांच्या आसपास शाळा उघडल्या. बैहर, बिरसा, परसवाडा या जंगलपट्ट्यातले टोले विखुरलेले. गोंड आणि बैगा घरांतल्या लहान मुलाला चालत जाता येईल अशी शाळा मिळाली ती पुष्कळ ठिकाणी या हमीमुळेच.

उलट दिशेचा प्रवास

पुढे चाक उलट फिरलं. नीती आयोगाच्या 'साथ-ई' कार्यक्रमात मध्य प्रदेश, झारखंड आणि ओडिशा ही तीन राज्यं होती. त्यातून 2018 च्या सुमारास मध्य प्रदेशात 'एक परिसर, एक शाळा' हे धोरण आलं. एकाच आवारात भरणारी प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा आणि हायस्कूल यांची एक शाळा करायची, एकच मुख्याध्यापक नेमायचा. सुमारे 35 हजार शाळांच्या अशा रीतीने 16 हजारांच्या आसपास शाळा झाल्या. मध्य प्रदेशात सहावी ते आठवीच्या शाळेला माध्यमिक म्हणतात, हे महाराष्ट्रातल्या वाचकाने ध्यानात ठेवावं.

सरकारी आकड्यांत 2014-15 ला या राज्यात 1 लाख 21 हजारांवर सरकारी शाळा होत्या. 2023-24 ला त्या 92 हजारांच्या आसपास उरल्या. आकडा पाहून छातीत धस्स होतं. पण यातला मोठा वाटा कागदावरच्या विलीनीकरणाचा आहे. मूल त्याच फाटकातून त्याच वर्गात जातं, फक्त फाटकावरची पाटी बदलते. "अमुक हजार शाळा बंद झाल्या" अशी बातमी आली की पहिला प्रश्न हाच विचारावा: आवार बदललं की नुसती पाटी?

आवार खरोखर बदलतं ते दुसऱ्या योजनेत. 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सीएम राइज शाळांना मंजुरी दिली. केजीपासून बारावीपर्यंत एकाच ठिकाणी, प्रयोगशाळा आणि वाचनालयासह, साधारण दर 15 किलोमीटरच्या टापूत एक अशी आखणी होती. एकूण 9,200 शाळांचं लक्ष्य ठरलं आणि टप्प्याटप्प्याने काम सुरू झालं. एप्रिल 2025 मध्ये या शाळांचं नाव सांदीपनी विद्यालय झालं. योजनेत मुलांची ने-आण करायला बस धरलेली आहे. मोठी शाळा, विषयवार शिक्षक, बस हे सगळं आईबापांना हवंच असतं. अडचण येते ती आजूबाजूच्या लहान शाळांची, कारण मोठ्या शाळेत भरती होणारी मुलं त्यांच्याच पटातून जातात.

या धोरणामागचं कारण खोटं नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातच नोंद आहे की 2016-17 साली देशातल्या जवळपास 28 टक्के सरकारी प्राथमिक शाळांत 30 पेक्षा कमी मुलं होती आणि 1 लाख 8 हजारांवर शाळा एकशिक्षकी होत्या. पाच इयत्ता, अठरा मुलं, एक मास्तर, आणि त्यातही मास्तर मतदार याद्यांच्या कामाला गेलेला, अशी शाळा वाचवा म्हणणाऱ्याला तिथे आपलं मूल घालाल का, हे विचारायला हवं.

पटाचं गणित

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकसंख्येचा तक्ता आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. सहावी ते आठवीला दर 35 मुलांमागे किमान एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र व भाषा यांना किमान एकेक शिक्षक.

आता समजा, वारासिवनी किंवा कटंगीकडच्या एखाद्या गावातल्या प्राथमिक शाळेचा पट 63 आहे. तक्त्याप्रमाणे तीन शिक्षक. गावात कुजबुज सुरू होते की शाळा दोन वर्षांत उठणार. एका घरातली दोन भावंडं आणि शेजारची एक मुलगी अशी तीन मुलं टीसी घेऊन जातात. पट 60 वर येतो. तीन मुलं कमी झाली आणि तिसरा शिक्षक अतिशेष ठरला. युक्तियुक्तकरणाच्या, म्हणजे शिक्षकांच्या फेरवाटपाच्या, पुढच्या फेरीत त्याची बदली होते. आता पाच वर्गांना दोन शिक्षक. एक रजेवर गेला की एकच. उरलेल्या आईबापांना हे दिसतं. पुढच्या एप्रिलमध्ये आणखी आठ-दहा मुलं जातात. असं करत पट 30 च्या खाली गेला की शाळा कमी पटाच्या यादीत चढते, आणि मग जनशिक्षक किंवा विकासखंड पातळीवरच्या बीआरसी कार्यालयातून खरोखरच विलीनीकरणाचा प्रस्ताव निघतो.

सुरुवातीला जी गोष्ट अफवा होती, ती तीन वर्षांत खरी झाली. पहिल्या तीन मुलांचे आईबाप म्हणतात, "बघा, आम्ही सांगितलं होतं." त्यांचं अनुमान खरं ठरलं हे मान्यच, पण ते खरं करण्यात त्यांचाही हात होता. बँक बुडणार अशी आवई उठली आणि सगळ्यांनी एकदम पैसे काढले तर धडधाकट बँकही बुडते, तसाच हा प्रकार.

घोषणेचं वर्षच जड जातं

शाळा बदलल्याने मुलाच्या अभ्यासाचं काय होतं, यावर परदेशात बरंच संशोधन झालं आहे. तिथली परिस्थिती वेगळी असली तरी तीन निष्कर्ष बालाघाटच्या आईबापांनाही उपयोगी आहेत.

पहिला शिकागोचा. 2001 ते 2006 या काळात तिथे बंद केलेल्या 18 शाळांतल्या मुलांचा अभ्यास शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केला. वाचन आणि गणितात मुलं सर्वांत जास्त मागे पडली होती ती नव्या शाळेत गेल्यावर नव्हे, तर बंदची घोषणा झाली त्या वर्षी, जुन्या शाळेतच. शिक्षकांना बदलीची चिंता, आईबापांची धावपळ, वर्गात रोज तोच विषय. नव्या शाळेत एक वर्ष गेल्यावर बहुतेक मुलं पूर्वीच्या पायरीवर आली. ज्यांना आधीपेक्षा बरीच चांगली शाळा मिळाली, त्यांना फायदाही झाला. म्हणजे नवी शाळा जुनीइतकीच बेताची असेल, तर घाई करून हाती काही लागत नाही.

दुसरा टेक्ससचा. एरिक हानुशेक, जॉन केन आणि स्टीवन रिव्हकिन या अर्थशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये दाखवलं की शाळा बदलण्याचा तोटा नुसत्या बदलणाऱ्या मुलालाच होत नाही. वर्गात मुलांची ये-जा फार झाली की जागच्या जागी राहिलेल्या मुलांचाही अभ्यास मागे पडतो, आणि गरीब मुलांच्या शाळांना हा फटका जास्त बसतो.

तिसरा नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीचा. 2000 ते 2010 या काळात तिथल्या शिक्षण मंडळाने शाळांच्या हद्दी वारंवार बदलून हजारो मुलांना नव्या शाळांत पाठवलं. आईबाप प्रचंड संतापले. पण 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुलांचं नुकसान जवळपास दिसलंच नाही. काही बाबतींत किंचित सुधारणाच दिसली.

टेक्ससमध्ये तोटा आणि वेकमध्ये नाही, असं का? एक मोठा फरक असा की वेकमध्ये हद्द बदलली की शेजारपाजारची मुलं बरोबरच जात, वर्षाच्या सुरुवातीला आणि आधी कळवून. टेक्ससच्या अभ्यासात घरच्या अडचणीमुळे एकेकटी, कधी वर्षाच्या मधेच शाळा सोडणारी मुलंही होती. मुलाला शाळा बदलणं पेलतं. एकट्याने बदलणं जड जातं. लवकर शाळा बदलणारं मूल नेमकं एकटं जातं.

आदेश निघतात, फिरतातही

घाईचा आणखी एक धोका म्हणजे ज्या निर्णयाच्या भीतीने आपण हललो, तो निर्णयच मागे घेतला जातो.

उत्तर प्रदेशात 16 जून 2025 ला 50 पेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचा आदेश निघाला. 7 जुलैला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाच्या एक-न्यायाधीश पीठाने तो योग्य ठरवला. 24 जुलैला दोन न्यायाधीशांच्या पीठाने सीतापूर जिल्ह्यापुरता 'जैसे थे' आदेश दिला. महिना संपता संपता सरकारने जाहीर केलं की 1 किलोमीटरपेक्षा लांबच्या आणि 50 पेक्षा जास्त पटाच्या शाळांचं विलीनीकरण होणार नाही. दीड महिन्यात चार वळणं. पहिल्या आठवड्यात ज्यांनी मुलांना दुसरीकडे घातलं, त्यांच्यातल्या कित्येकांच्या जुन्या शाळा जागच्या जागी राहिल्या.

महाराष्ट्रातही हेच. डिसेंबर 2017 मध्ये 10 पेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि त्यावर रान उठलं. सप्टेंबर 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळांच्या जागी समूह शाळा करता येतील का, याचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हाही गावोगावच्या पालकांना वाटलं की शाळा उद्याच उठते आहे. प्रस्ताव मागवणं आणि शाळेला टाळं लागणं यांत बराच काळ जातो.

वार्डाच्या हद्दीशी जुळणारं उदाहरण 2024 चं आहे. त्या वर्षी 9 फेब्रुवारीला महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून 1 किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना, शिक्षण हक्क कायद्याने गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के मोफत जागांतून सूट मिळाली. 6 मे ला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि ज्यांनी नव्या नियमाने अर्ज भरले होते त्यांना पुन्हा भरावे लागले. 19 जुलैला तो बदल रद्दच झाला.

मध्य प्रदेशात या 25 टक्के जागांसाठी प्राधान्य ठरतं ते राहत्या गावावरून किंवा वार्डावरून. आधी त्याच गावातले-वार्डातले, मग शेजारचे, मग विस्तारित शेजारचे. त्यामुळे बालाघाट शहरात वार्डाची रेषा हलली तर अर्जदाराचा नंबर खरोखर खाली-वर होऊ शकतो. पण हा प्रश्न नव्याने अर्ज भरणाऱ्याचा आहे. ज्या मुलाला जागा मिळाली आहे, त्याचं शिक्षण आठवीपर्यंत मोफत. मधे वार्ड बदलला म्हणून ते जात नाही. उलट घाबरून आईबापांनी स्वतःच त्याला त्या शाळेतून काढलं, तर दुसऱ्या खाजगी शाळेत तो हक्क आपोआप मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 ने दिलेल्या बदलीच्या हक्कातून खाजगी विनाअनुदानित शाळा वगळलेल्या आहेत. हे न समजल्याने हातची जागा गमावणं फार महागात पडतं.

आणखी एक गोष्ट. जनगणनेसाठी 1 जानेवारी 2026 पासून 31 मार्च 2027 पर्यंत देशभर प्रशासकीय हद्दी गोठवल्या आहेत. तेवढ्या काळात जिल्हा, तहसील, वार्ड यांच्या रेषा हलत नाहीत. मध्य प्रदेशात नगरपालिकांच्या निवडणुका 2022 मध्ये झाल्या, पुढच्या 2027 मध्ये येतील. वार्डांचा खरा खेळ त्या सुमारास. शाळांच्या विलीनीकरणाला मात्र ही गोठवणूक लागू नाही, कारण ती प्रशासकीय हद्द नव्हे.

एका घरात तीन उत्तरं

समजा, लालबर्रा तहसीलमधलं एक कुटुंब आहे. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत, धाकटा पुढच्या वर्षी पहिलीत जाणार. गावात आठवीपर्यंत शाळा आहे. दहा किलोमीटरवर सांदीपनी विद्यालय झालं आहे आणि गावची शाळा त्यात जाईल अशी चर्चा आहे. लेखी काही नाही.

मुलगा पुढच्या वर्षी आठवीत असेल. राज्यात पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आता पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होतात. नवव्या इयत्तेला त्याला गाव सोडावंच लागणार आहे. त्याला आत्ता हलवलं तर परीक्षेच्या वर्षी नवी शाळा, नवे शिक्षक. त्याने इथेच आठवी करावी आणि नववीला जावं. नववीत दुसऱ्या गावी जाणाऱ्या मुलांसाठी राज्याची मोफत सायकल योजनाही आहे.

मुलगी पुढच्या वर्षी पाचवीत. तिनेही परीक्षा इथेच द्यावी. सहावीच्या वेळी गावची माध्यमिक शाळा कशी चालली आहे, किती शिक्षक उरले आहेत हे पाहून, वर्गातल्या दोन-चार मैत्रिणींच्या आईबापांशी बोलून ठरवावं.

धाकट्याचं मात्र वेगळं. त्याचं कुणाशी काही तुटायचं नाही. मोठ्या शाळेत जागा ठरलेल्या असतात आणि वरच्या वर्गात शिरणं कठीण होत जातं. बस गावापर्यंत येत असेल, तर लवकर जाण्याचा फायदा कुणाला होणार असेल तर तो यालाच.

टप्पा संपतो तिथे शाळा बदलली तर मुलाला ते बोचत नाही. मधेच बदललं तर बोचतं. नव्या शाळेत जागा कमी असतील आणि प्रवेश पहिल्या वर्गालाच मिळत असेल, तर थांबण्यात नुकसान आहे. जागा पुरेशा असतील आणि विलीनीकरणात सगळी मुलं आपोआप सामावली जाणार असतील, तर आधी जाऊन काही कमवायचं नाही. आणि जुन्या शाळेत आजच शिकवणं होत नसेल, वर्षभर एकच मास्तर असेल, तर हद्दीची चर्चा बाजूला ठेवा. ती शाळा बदलण्याचं कारण आजचंच आहे.

रस्ता मात्र प्रत्येकाने स्वतः चालून पाहावा, आणि तो जुलै-ऑगस्टमध्ये. नकाशावरचे 3 किलोमीटर उन्हाळ्यात 3 च असतात. पावसाळ्यात मधला नाला भरला की शाळा बंद. वैनगंगा, बाघ, बावनथडी यांच्या खोऱ्यात धानाची रोवणी चालू असताना आईबाप पहाटेच बांधावर असतात, पोराला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला घरी कुणी नसतं. शेजारात शाळा नसेल तर मुलांच्या ने-आणीसाठी समग्र शिक्षा योजनेत वर्षाला 6 हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. ती आपल्या गावाला मिळणार का, हे शाळा हलायच्या आधी विचारायचं.

राज्याची हद्द ओलांडताना

बालाघाटच्या दक्षिणेला बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. शहरापासून गोंदिया 40 किलोमीटरच्या आसपास. नातीगोती, बाजार, दवाखाना सगळं दोन्हीकडे. त्यामुळे "इथली शाळा उठणार असेल तर पोराला मामाकडे गोंदियाला ठेवू" हा पर्याय मराठी घरांत हमखास निघतो.

ही हद्द तशी नवी. 1956 पर्यंत बालाघाट आणि भंडारा एकाच राज्यात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून नदीच्या दोन काठांवरच्या मुलांची पाठ्यपुस्तकं आणि बोर्डं वेगळी झाली. हद्दी त्यानंतरही हलत राहिल्या. 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा निघाला. बालाघाटची महाविद्यालयं कित्येक वर्षं जबलपूरच्या विद्यापीठाला जोडलेली होती. 2019 मध्ये छिंदवाड्याला नवं विद्यापीठ झालं आणि ती तिकडे गेली.

नदी ओलांडणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी शिकणं सक्तीचं आहे. घरी मराठी बोलणारं पण हिंदीत शिकलेलं मूल देवनागरी वाचतं खरं, पण मराठी व्याकरण आणि निबंध त्याला नव्याने शिकावे लागतात. पाचवीत जमतं, नववीत घाम फुटतो. दुसरं, विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि मध्य प्रदेशातलं वर्ष एप्रिलला सुरू झालेलं असतं, तेव्हा मधले महिने मूल कोणत्या पटावर आहे ते ठरवून ठेवावं. तिसरं सर्वांत महत्त्वाचं. जात प्रवर्गाचे फायदे राज्यागणिक असतात. दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथल्या आरक्षणाचा हक्क आपोआप मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच स्पष्ट केलं. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. आठवीनंतर घेतलेला निर्णय अठराव्या वर्षी असा समोर येतो.

टीसी आणि पोर्टल

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे टीसी मागितल्यावर मुख्याध्यापकाने ती ताबडतोब दिली पाहिजे, आणि ती मिळायला उशीर झाला म्हणून नव्या सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही. तेव्हा टीसी हातात ठेवायची म्हणून आधीच नाव कापून घेण्याची गरज नसते. प्रवेश पक्का होईपर्यंत जुन्या पटावरचं नाव राहू द्यावं.

आता कागदापेक्षा पोर्टल महत्त्वाचं. मुलाचा यूडायस-प्लस या सरकारी पोर्टलवरचा कायम क्रमांक, अपार आयडी आणि मध्य प्रदेशातला समग्र आयडी या तिन्हींत नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं एकसारखी आहेत का, हे आधी पाहावं. जुन्या शाळेने मुलाला पोर्टलच्या 'ड्रॉपबॉक्स'मध्ये टाकल्यावरच नवी शाळा त्याला आपल्याकडे ओढून घेऊ शकते. हे राहिलं तर मूल एका शाळेत बसतं आणि दुसऱ्या शाळेत मोजलं जातं; शिष्यवृत्ती मधेच लटकते. वर्षाच्या सुरुवातीला हे काम चुटकीसरशी होतं, मधे केलं तर खेटे घालावे लागतात.

आधी बैठक

हद्दीबाबत घराला जे कळत नाही, ते शाळेच्या व्यवस्थापन समितीला विचारता येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. समितीने बीआरसी किंवा जिल्हा कार्यालयाला लेखी विचारावं: विलीनीकरणाचा आदेश निघाला आहे का, त्याचा क्रमांक काय, मुलं कोणत्या शाळेत जाणार, रस्त्याने अंतर किती, बस कोणत्या थांब्यापर्यंत, लहान वर्ग गावातच ठेवता येतील का, आणि शिक्षकांची पदं मुलांबरोबर जाणार की नाही. तोंडी उत्तर मिळालं तर ते बैठकीच्या नोंदवहीत लिहून घ्यावं.

या बैठकीला दहा घरं आली तरी खूप फरक पडतो. कोण जाणार, कोण थांबणार, पट किती उरणार, तिसरा शिक्षक टिकणार का, हे सगळ्यांना एकदम कळतं. मागच्या दाराने टीसी काढणाऱ्यांमुळे बाकीचे फसत नाहीत. सगळ्यांनी थांबायचं ठरवलं तर पट शाबूत राहतो आणि कमी पटाच्या यादीत शाळेचं नाव येण्याचं कारणच उरत नाही. आणि आदेश आलाच, तर अख्खा वर्ग एप्रिलमध्ये, एकाच बसने, एकत्र नव्या शाळेत नेता येतो. शाळा बदलण्याची सर्वांत कमी नुकसानीची रीत हीच आहे, आणि एकट्याने घाई केलेल्या घराला ती मिळत नाही.